नॉर्वेतला 'दाल', स्कॉटलंडमधला 'दॅल' आणि आयर्लंडची 'दॉल': हा एकच शब्द आहे का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर कशाचं चाललंय ते इतरांनाही कळेल. स्कॉटलंडच्या प्रवासात तुम्हाला पाट्यांवर डॅलव्हिनी, डॅलनास्पिडल, हेल्म्सडेल, ग्लेनडेल, आर्मडेल अशी नावं दिसली. मुलगी नॉर्वेत हामारला राहते. तिकडे गुडब्रान्सदाल, हालिंगदाल, रॉम्सदाल. आयर्लंडच्या संसदेच्या सभागृहाचं नाव 'दॉल', आणि इतिहास वाचताना 'दॉल रीयता' नावाचं जुनं राज्य भेटलं. हे सगळं एकाच शब्दाचं घराणं आहे का, व्हायकिंगांनी तो सगळीकडे नेला का, आणि आपल्या 'दल'शी त्याचं काही नातं आहे का, असं तुम्ही विचारलंत. शिवाय मुलीच्या शेजारच्या आजी 'दाल' न म्हणता चक्क 'दाळ' म्हणतात, याचं तुम्हाला नवल वाटलं.

मी ऐतिहासिक भाषाशास्त्र शिकवते आणि स्थलनामांवर काम करते, त्यामुळे अशा याद्या माझ्याकडे नेहमी येतात. थोडक्यात उत्तर असं: हा एक शब्द नाही, निदान चार आहेत. नॉर्वेचा 'दाल' म्हणजे खोरं. आयर्लंडमध्ये 'दॉल' हे दोन वेगळे शब्द आहेत, एक 'वाटा, कुळ' या अर्थाचा आणि दुसरा 'सभा' या अर्थाचा. गेलिक या स्कॉटलंडच्या, आयरिशच्या जवळच्या भाषेतला 'दॅल' म्हणजे नदीकाठची सपाट मळई. यांपैकी पहिला आणि शेवटचा हे एकमेकांचे नातलग आहेत, पण ते नातं कुठल्या वाटेने आलं याचं उत्तर गावागणिक बदलतं. आपला 'दल' या चौघांपैकी कुणाच्याच घरातला नाही.

आता हे कशावरून ठरवलं, ते सांगते. कारण तुमच्या प्रश्नातली खरी अडचण तीच आहे. शब्द सारखे दिसले की ते एकच असावेत असं वाटतं, आणि अर्थही जवळपासचा निघाला की खात्रीच पटते. पण मराठीतच बघा. 'काम' म्हणजे कार्य आणि 'काम' म्हणजे वासना, लिहायला-बोलायला अगदी एक. पहिला 'कर्म'पासून प्राकृतातल्या 'कम्म'मधून झिजत आला, दुसरा संस्कृतातून जसाच्या तसा घेतला. आज दिसणारं रूप हा प्रवासाचा शेवट असतो. दोन प्रवास एकाच ठिकाणी संपले म्हणून ते एकाच ठिकाणाहून निघाले होते असं होत नाही.

सोप्या शब्दापासून सुरुवात करू. प्राचीन नॉर्समध्ये, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेत, 'दल्र' म्हणजे खोरं. शेवटचा 'र' हा प्रथमेचा प्रत्यय. आइसलंडिकमध्ये तो 'दालुर' झाला, नॉर्वेजियनमध्ये प्रत्यय गळून 'दाल' राहिला. जर्मनचा 'ताल', डचचा 'दाल', इंग्रजीचा 'डेल' हे याचे सख्खे भाऊ. मी मुद्दाम 'खोरं' म्हणतेय, 'दरी' नाही. दरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कडा आणि खोल घळ येते. नॉर्वेतला दाल म्हणजे मधून नदी, दोन्ही उतारांवर शेतं, घरं, चर्च. गुडब्रान्सदाल दोनशे किलोमीटरहून लांब आहे आणि त्यातली नदी लिलेहामरजवळ म्योसा सरोवराला मिळते. हामार त्याच सरोवराच्या काठावर आहे. नॉर्वेत असंख्य शेतवाड्यांची नावं या शब्दावरून पडली आणि त्यांवरून आडनावं आली. 'डाल' किंवा 'डाह्ल' हे आडनाव मुळात एवढंच सांगतं, की हे घराणं खोऱ्यातल्या वाडीचं. लेखक रोआल्ड डाल 1916 साली वेल्समध्ये नॉर्वेजियन आईवडिलांच्या पोटी जन्मला. त्याचं आडनाव तेच.

हाच शब्द आणखी एका वाटेने तुमच्या खिशापर्यंत पोचलाय. बोहेमियातल्या योआखिम्सताल, म्हणजे योआखिमच्या खोऱ्यात, सोळाव्या शतकात चांदीची नाणी पडू लागली. त्यांना 'योआखिम्सतालर' म्हणत, त्याचं 'तालर' झालं, नॉर्वे-डेन्मार्ककडे 'दालर', इंग्रजीत 'डॉलर'. नॉर्वेत 1875 साली क्रोन येईपर्यंत 'स्पेसिदालर' चालत होता. स्कॉटिश गेलिकने पुढे इंग्रजीकडून 'डोलर' उचलला, म्हणजे खोऱ्याचा शब्द तिथे नाण्याच्या रूपानेही पोचला.

आता आजींच्या 'दाळ'कडे येते, कारण तुम्ही बरोबर ऐकलंत. पूर्व नॉर्वेत आणि त्रोन्देलागमध्ये एक 'जाड ल' आहे. जिभेचं टोक मागे वळवायचं आणि पुढे येताना टाळूला झटका द्यायचा, असा त्याचा उच्चार. आपल्या 'ळ'च्या फार जवळ जातो, थोडा 'ड़'कडे झुकलेला. पण तो सगळीकडे येत नाही. प्राचीन नॉर्समध्ये जिथे एकेरी 'ल' होता तिथे तो येतो, जिथे 'ल्ल' होता तिथे साधा 'ल' राहतो. म्हणून 'दाल' आणि 'सूल' (सूर्य) यांत आजी जाड ल लावतील, पण 'फुल्ल' (भरलेला) या शब्दात लावणार नाहीत.

मराठीत काय झालं? संस्कृत-प्राकृतातला दोन स्वरांमधला एकेरी 'ल' मराठीत 'ळ' झाला: फल-फळ, काल-काळ. आणि प्राकृतातला 'ल्ल' साधा 'ल' राहिला: गल्ल-गाल, तेल्ल-तेल. नियम तोच! एकेरी ल वळला, जोड-ल सरळ राहिला. मला हा भाग वर्गात शिकवताना दर वेळी आनंद होतो. हजारो किलोमीटर अंतरावरच्या दोन भाषा, एकमेकींशी बोलणं नाही, आणि जिभेने दोन्हीकडे सारखाच निर्णय घेतला. इथे नातं शोधायला जाऊ नका. माणसाचं तोंड सगळीकडे सारखं असल्यामुळे असं घडतं. उच्चारातलं साम्य कितीही थक्क करणारं असलं तरी तेवढ्यावर वंशावळ लिहिता येत नाही, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

मग वंशावळ कशावर लिहायची? ध्वनींच्या नियमित जुळणीवर. नॉर्वेजियन आणि संस्कृत दोन्ही इंडो-युरोपीय कुळातल्या आहेत, त्यामुळे त्यांच्यात खरे नातलग शब्द पुष्कळ आहेत, पण ते ठरलेल्या पद्धतीने जुळतात. संस्कृतात 'द' असेल तर जर्मानिक भाषांत (नॉर्वेजियन, इंग्रजी वगैरे) 'त' मिळतो. दोन, दहा, दात या शब्दांना नॉर्वेजियनमध्ये 'तू', 'ती', 'तान' म्हणतात; संस्कृतात द्वि, दश, दंत. उलट जर्मानिक भाषांत 'ड' असेल तर संस्कृतात 'ध' मिळायला हवा: इंग्रजी 'विडो' आणि विधवा, 'रेड' आणि रुधिर, 'मिडल' आणि मध्य. या हिशेबाने नॉर्वेजियन 'दाल'चा संस्कृतातला भाऊ असलाच तर तो 'ध'ने सुरू होईल. 'दल' होऊच शकत नाही.

इथे कुणीतरी 'द्वार' पुढे करेल. नॉर्वेजियनमध्ये दाराला 'डर'सारखा शब्द आहे, इंग्रजीत 'डोअर'. मग तिथे द-द कसे जुळले? रास्त शंका आहे. संस्कृतात तिथे 'ध्वार' अपेक्षित होतं. ग्रीकमधला 'थुरा' (दार) मूळच्या महाप्राणाची, म्हणजे 'ध'मधल्या 'ह'काराची, साक्ष देतो. संस्कृतात हा महाप्राण गेला, आणि 'द्वि'च्या प्रभावाने, म्हणजे दाराच्या दोन फळ्यांमुळे, तो गेला असावा असं स्पष्टीकरण देतात. अपवाद असतातच, पण त्यांना असा वेगळा पुरावा द्यावा लागतो. 'दल'च्या बाजूने तसा एकही पुरावा नाही. शिवाय 'दल'चं घर आपल्याला नीट माहीत आहे: 'दल्' म्हणजे फुटणे, भंगणे. त्यावरून फुटलेला तुकडा, पाकळी, पान (तुळशीदळ), मग तुकडी (पायदळ, नौदल), आणि भरडून दोन शकलं झालेली डाळ, तिलाच आपण 'दाळ'ही म्हणतो. यात खोरं कुठेच बसत नाही.

आता आयर्लंड. इथे मोह जास्त आहे, म्हणून सावकाश चला.

प्राचीन आयरिशमधल्या पहिल्या 'दॉल'चा अर्थ वाटा, हिस्सा, आणि त्यावरून एखाद्या पूर्वजाच्या वाट्याचे लोक, म्हणजे कुळ. हे आपण तर्काने काढत नाही. इंग्रज भिक्षू बीड याने 731 साली पूर्ण केलेल्या लॅटिन इतिहासात दॉल रीयताच्या लोकांबद्दल लिहिलंय, की रेउदा नावाच्या पुढाऱ्यावरून ते 'दालरेउदिनी' म्हणवतात, कारण त्यांच्या भाषेत 'दाल' म्हणजे भाग. आठव्या शतकातल्या माणसाने त्या काळच्या बोलीतला अर्थ लिहून ठेवावा, असा पुरावा आम्हाला क्वचितच मिळतो. दॉल रीयता ईशान्य आयर्लंडपासून समुद्र ओलांडून स्कॉटलंडच्या आर्गाइलपर्यंत पसरलेलं होतं. ड्युनॅडचा टेकडीवरचा किल्ला त्यांचाच. दॉल नाराइदी, दॉल फीयताख, दॉल काश ही अशाच कुळांची नावं. तेव्हा 'दॉल रीयता' वाचून डोळ्यांसमोर खोरं आणू नका. 'रीयताचं कुळ' असं वाचा.

आणि इथेच आपला 'दल' पुन्हा खुणावतो. तुकडा-मग-तुकडी, वाटा-मग-कुळ, अर्थाची वाट अगदी एकसारखी. ध्वनीची भिंतही इथे जर्मानिकइतकी पक्की नाही, कारण केल्टिक भाषांत (आयरिश, गेलिक, वेल्श) मूळचे 'द' आणि 'ध' दोन्ही 'द'च झाले. तरीही मी हे दोघे जोडत नाही. आयरिश दॉलचं मूळ सहसा 'वाटणे, कापून वेगळं करणे' या धातूत धरतात. त्या धातूचं संस्कृतातलं खरं अपत्य म्हणजे 'दाति' (कापतो) आणि त्यावरून 'दात्र', म्हणजे विळा. 'दल्' हा त्याहून वेगळा धातू. अर्थ सारखा चालला, कारण भाग पाडणं आणि गट पडणं या गोष्टी माणसांच्या डोक्यात सगळीकडे शेजारीच असतात. 'पक्ष' म्हणजे बाजू, आणि बाजूवरूनच राजकीय पक्ष. नॉर्वेजियनमध्ये 'देल' म्हणजे भाग, तोही कुणी या यादीत घालतं. त्याच्या पूर्वेतिहासावर मतभेद आहेत, पण वरचा 'ड-ध' नियम बघता त्याला आयरिश दॉलच्या घरात घालणं मला पटत नाही.

दुसरा 'दॉल' म्हणजे भेट, सभा. आयर्लंडचं सभागृह 'दॉल एरन' हे याचंच. ते पहिल्यांदा 21 जानेवारी 1919 रोजी डब्लिनच्या मॅन्शन हाऊसमध्ये भरलं. हा शब्द वेगळा आहे हे कसं कळतं? वेल्श भाषेकडे बघून. वेल्शमध्ये याचा भाऊ 'दादल' (वाद, चर्चा) आहे. आयरिशमध्ये जुन्या 'त्ल' या जोडाक्षरातला 'त' गेला आणि आधीचा स्वर लांबला; वेल्शने तो जोड 'द्ल' करून टिकवला. एकट्या शब्दावर हे कुणी म्हटलं असतं तर मी मान्य केलं नसतं, पण अशी रांगच आहे. आयरिश 'श्केल' (गोष्ट) आणि वेल्श 'ख्वेदल'. आयरिश 'अनॉल' (श्वास) आणि वेल्श 'अनादल'. शेवटची जोडी आपल्या फार जवळची: तिचा धातू संस्कृतातला 'अन्', म्हणजे श्वास घेणे, जो प्राण, अपान, व्यान यांत बसलाय. तेव्हा आयरिश आणि मराठी यांचं नातं हवंच असेल तर ते इथे आहे, 'दॉल' आणि 'दल'मध्ये नाही. 'वाटा' या अर्थाच्या दॉलला वेल्शमध्ये असा 'दादल'सारखा जोडीदार नाही. म्हणून कोशकार हे दोन शब्द वेगळे मांडतात.

नॉर्स लोकांनी मात्र सभेला कधी 'दाल' म्हटलं नाही. त्यांचा शब्द 'थिंग'. नॉर्वेची संसद आजही 'स्टूरटिंग' आहे. स्कॉटलंडमधलं डिंगवॉल हे गावही त्यावरूनच: 'थिंगव्होल्र', सभेचं मैदान. गंमत अशी, की स्कॉटलंडच्या गेलिक लोकांनी मेळाव्यासाठी नॉर्सचाच 'मोत' हा दुसरा शब्द घेतला आणि त्याचा 'मॉड' केला. त्यांचा गाण्या-वाचनाचा राष्ट्रीय महोत्सव, पहिला 1892 साली ओबनला भरलेला, याच नावाने ओळखला जातो.

1014 साली डब्लिनजवळ क्लॉन्टार्फची लढाई झाली. त्यात दॉल काश कुळातला राजा ब्रायन बोरू पडला आणि समोरच्या बाजूने लढणारा स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांचा नॉर्स सरदार सिगुर्डही पडला. त्या मैदानावर हा ध्वनी दोन्ही बाजूंच्या तोंडी होता, एका बाजूला कुळ म्हणून आणि दुसऱ्या बाजूला खोरं म्हणून. दोघांनी एकमेकांकडून तो घेतलेला नव्हता.

खरी गुंतागुंत स्कॉटलंडमध्ये आहे, कारण तिथे हे सगळे लोक एकमेकांच्या अंगणात राहिले. नॉर्स लोक आठव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे येत होते. हेब्रिडीझ बेटं 1266 च्या पर्थच्या तहापर्यंत नॉर्वेच्या राजाची होती, ऑर्कनी आणि शेटलंड तर पंधराव्या शतकापर्यंत. त्याआधी पूर्वेकडे पिक्टिश लोक होते, ज्यांची भाषा वेल्शच्या जवळची होती. या सगळ्यांच्या शब्दांवर मग गेलिक पसरली.

तुमच्या यादीतली नावं वाचताना दोन गोष्टी बघा. पहिली, शब्दाची जागा. नॉर्स भाषेत आधी विशेषण आणि मग वस्तू: गुडब्रानचं-खोरं, जसं आपलं जळ-गाव किंवा नाग-पूर. गेलिकमध्ये उलट, आधी वस्तू, मग ती कुणाची किंवा कसली: मळई-धर्मशाळेची. आपल्याकडे ही उलटी रचना फारसी वळणाच्या 'किल्ले रायगड'सारख्या प्रयोगांत दिसते. दुसरी गोष्ट, आघात. दोन्ही परंपरांत जोर 'कुणाचं, कसलं' हे सांगणाऱ्या भागावर पडतो, त्यामुळे नॉर्स नावात तो सुरुवातीला येतो आणि गेलिक नावात पुढे सरकतो. स्थानिक माणूस 'हेल्म्स'वर जोर देऊन हेल्म्सडेल म्हणतो, पण डॅलव्हिनी म्हणताना जोर 'व्हि'वर देतो. पुढच्या वेळी तिथल्या स्टेशनवरची घोषणा कान देऊन ऐका. मी विद्यार्थ्यांना नकाशा उघडण्याआधी हे ऐकायला लावते.

या दोन कसोट्या लावल्या की यादी दोन गटांत पडते. हेल्म्सडेल ईशान्य किनाऱ्यावर, ऑर्कनीच्या समोरच्या टापूत. 'ऑर्कनेयिंगा सागा' या आइसलंडिक गाथेत ते 'ह्याल्मुंडाल' असं येतं, म्हणजे ह्याल्मुंड नावाच्या माणसाचं खोरं. नॉर्स, यात शंका नाही. पण गेलिक लोक त्याच गावाला 'बुन इली' म्हणतात, म्हणजे इली नदीचं मुख. एकाच गावाला दोन समाजांनी आपापली नावं दिली आणि इंग्रजी नकाशाने नॉर्स उचललं. म्हणून मी नेहमी पाटीच्या खालचं गेलिक नावही टिपून घ्यायला सांगते.

डॅलनास्पिडल अगदी दुसऱ्या टोकाचं. गेलिकमध्ये ते 'दॅल ना स्पिजाल', धर्मशाळेची मळई. ड्रमॉख्टर खिंडीतून जाणाऱ्या वाटसरूंसाठी तिथे आसरा होता. 'स्पिजाल' मुळात लॅटिन, 'हॉस्पिटल'च्या घरातला. थोडं पुढे गेलात तर डॅलनाकार्डॉख लागतं, लोहाराच्या भट्टीची मळई. डॅलव्हिनीतही 'दॅल' तोच आहे. पुढच्या भागाच्या अर्थावर अभ्यासकांत एकमत नाही, म्हणून त्यात शिरत नाही. ही गावं डोंगरातल्या आतल्या भागात आहेत, जिथे नॉर्स वस्ती अशी झालीच नाही. मग तिथे हा शब्द कुठून आला?

आयर्लंडच्या गावांच्या नावांत 'मळई' अर्थाचा हा शब्द जवळपास सापडतच नाही. स्कॉटलंडमध्ये मात्र, विशेषतः जुन्या पिक्टिश प्रदेशात, तो पावलोपावली आहे. वेल्शमध्ये 'दोल' म्हणजे नदीच्या वळणातली कुरणाची जमीन. वेल्समधलं डोल्गेल्लाय हे त्यावरून पडलेलं नाव. एडिनबराजवळचं डल्कीथही 'दोल' आणि 'रान' यांच्या जोडीने बनलेलं त्याच जातीचं नाव आहे. त्यामुळे गेलिक बोलणारे लोक पिक्टिश मुलखात आले आणि तिथला जमिनीचा शब्द त्यांनी उचलला, हे मला सगळ्यात पटण्यासारखं वाटतं. त्यांनी असं इतरत्रही केलंय. पिटलॉख्रीसारख्या नावांतला 'पिट' हा पिक्टिश 'जमिनीचा हिस्सा', आणि त्याला जोडलेला पुढचा शब्द गेलिक आहे. शेतसारा आणि जमिनीची वाटणी यांचे शब्द सत्ता बदलली तरी टिकतात. आपल्याकडच्या महसुली शब्दांचं हेच झालंय.

वेल्श 'दोल' आणि नॉर्स 'दाल' हे मात्र मुळात बहुधा नातलगच आहेत. स्लाव्हिक भाषांतही 'दोल' आहे, सखल जागा, खड्डा या अर्थाने. म्हणजे 'खोलगट जमीन' असा एक जुना इंडो-युरोपीय शब्द, एका घरात खोरं झाला, दुसऱ्या घरात मळई. डोंगराळ नॉर्वेतल्या माणसाला नदीचं सगळं खोरं एक वस्तू वाटलं. वेल्श-पिक्टिश शेतकऱ्याला त्यातला पाण्याजवळचा सपाट तुकडा महत्त्वाचा वाटला.

पण सगळ्या 'दॅल'ना पिक्टिश म्हणता येत नाही, आणि इथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. लुइस बेटाच्या उत्तर टोकाला नेस भागात दोन वस्त्या आहेत, उत्तरेकडचा दॅल आणि दक्षिणेकडचा दॅल. शब्द दिसायला डॅलनास्पिडलमधलाच. पण हा टापू शतकानुशतकं नॉर्स होता, भोवतालची बहुतेक नावं नॉर्स आहेत, आणि पिक्टिश शब्द मधल्या काळात तगून राहिला असं मानायला आधार नाही. तिथे मी बिनधास्त नॉर्स 'दल्र' म्हणते. गेलिक लोकांनी तो घेतला आणि आपल्या व्याकरणात बसवला. त्याच बेटावरच्या लॅक्सडेलमध्ये तर अख्खं नाव नॉर्स आहे, सॅमन माशाच्या नदीचं खोरं. गेलिकमध्ये त्याचं 'लाखस्दल' झालंय. एकाच भाषेतला, एकाच स्पेलिंगचा शब्द, आणि गावागणिक त्याचा जन्मदाता वेगळा. काही जागी, विशेषतः पश्चिम किनाऱ्यावर जिथे दोन्ही शक्य आहे, दोन अभ्यासक प्रामाणिकपणे दोन उत्तरं देतील.

स्काय बेटावरचं ग्लेनडेल याहून मजेशीर. 'ग्लेन' हा गेलिक शब्द, अर्थ खोरं. 'डेल' हा नॉर्स, अर्थ खोरं. नॉर्स भाषा बेटावरून गेली, 'दाल' म्हणजे काय हे लोक विसरले, तो नुसता नावाचा भाग राहिला, आणि मग गेलिक बोलणाऱ्यांनी खोऱ्याला आपल्या भाषेत पुन्हा खोरं म्हटलं. पश्चिमेकडचं ग्लेनबॉरोडेलही तसंच, त्यात मधे नॉर्स 'बोर्ग' म्हणजे गढी आहे. आपण 'सह्याद्री पर्वत' म्हणतो तेव्हा हेच करतो. 'अद्रि' म्हणजे पर्वतच. अशी दुहेरी नावं मला फार मोलाची वाटतात, कारण कुठली भाषा आधी होती आणि कुठली नंतर आली याचा क्रम त्यांत थरांसारखा दिसतो: आतला थर जुना, बाहेरचा नवा.

एक सूचना. रोमन लिपीतल्या पाट्यांवर आणि नकाशांवर स्वरांवरच्या खुणा बऱ्याचदा गाळतात, आणि तिथे बराच घोळ होतो. आयरिश 'दॉल'मधला स्वर दीर्घ आहे, त्यावर खूण हवी. स्कॉटिश 'दॅल' ऱ्हस्व आहे, त्यावर खूण नाही, आणि त्याचा पहिला वर्ण आपल्या कानाला 'द'पेक्षा 'त'कडे झुकलेला वाटेल. स्कॉटिश गेलिकमध्ये दीर्घ स्वराचा आणखी एक शब्द आहे, त्याचा अर्थ उशीर किंवा उधारी. खुणा गाळल्या की हे सगळे एका साच्यात येतात, जसं रोमनमध्ये लिहिलं की आपले दल, दळ, दाळ, डाळ सगळे एकच होतात. म्हणून कोशात शोधण्याआधी खुणेसकट रूप मिळवा.

आता राहिलं आर्मडेल. याबद्दल तुम्ही वेगळं विचारलंत, की ग्लासगो आणि एडिनबरा यांच्यामधल्या सपाट भागात नॉर्स नाव आणि खोरं कसं आलं. शंका बरोबर आहे. तिथे कुणी नॉर्स शेतकरी नव्हता. आर्मडेल नावाची एक जागा स्काय बेटावर आहे आणि एक उत्तरेला सदरलंडमध्ये. या दोन्ही खऱ्या नॉर्स वस्त्यांच्या प्रदेशातल्या, 'आर्म' (हात, फाटा) आणि 'दाल' अशा फोडीच्या. तुम्ही पाहिलेल्या गावाला ते नाव सर विल्यम हनिमन या न्यायाधीशावरून मिळालं. त्याची सदरलंडच्या आर्मडेलला जमीन होती, त्यावरून त्याने 'लॉर्ड आर्मडेल' ही पदवी घेतली, आणि नंतर मध्य स्कॉटलंडमध्ये मालमत्ता घेतल्यावर ते नाव तिथल्या गावाला लागलं. जागा, आघात, स्पेलिंग या माझ्या सगळ्या कसोट्या तिथे 'नॉर्स' असंच उत्तर देतील, आणि शब्दापुरतं ते खरंही आहे. फक्त तो शब्द त्या गावात व्हायकिंगांच्या नावेतून आला नाही, जमिनीच्या कागदपत्रांतून आला. म्हणून कुठल्याही नावाबद्दल ठाम बोलण्याआधी ते त्या जागी पहिल्यांदा कधी लिहिलं गेलं, ती तारीख शोधा. तुमच्या पुढच्या यादीतल्या प्रत्येक नावासमोर ती तारीख आणि गेलिक रूप लिहून पाठवलंत तर मी गावागणिक उत्तर देऊ शकेन.